वाढदिवसाचा कडू घास

प्रेमापुढे काळ थांबतो, राज्ये लोटांगण घालतात आणि भल्याभल्यांच्या वाटा कायमच्या बदलून जातात. प्रज्वल निखारेची वाटही प्रेमानेच बदलली, असे तो पुढे लोकांना सांगत असे. खरे म्हणजे त्रिमूर्तीनगरात तो पत्ता चुकला होता. डावीकडे वळायचे होते, उजवीकडे वळला.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि पारा पंचेचाळीसवर होता. एका माजी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्कूटीच्या पायाशी गुंडाळून प्रज्वल भरदुपारी फिरत होता. नाव प्रज्वल, आडनाव निखारे. पण माणूस असा, की समोरच्याने आवाज चढवला तर हाच सॉरी म्हणायचा. गोळीबार चौकात त्याचे फ्लेक्सचे दुकान होते. आजोबांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली. ती वीस-वीस वर्षे टिकायची. नातवाचे काम पुढच्या वादळापर्यंत टिकले तरी गिऱ्हाईक खूश असायचे.

दुकानातल्या संगणकात तीन साचे होते : वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली. वाढदिवसाला सिंह आणि मागे किरणे, निवडीला फेटा आणि हार, श्रद्धांजलीला पांढरी फुले आणि दोन तारखा. नागपुरातला कोणी माणूस या तीन साच्यांबाहेर जगला किंवा मेला, असे अजून घडले नव्हते.

तर प्रज्वल उजवीकडे वळला आणि एका बंगल्याच्या गॅरेजसमोर थांबला. गॅरेजला काचेचे दार होते. वर अनोळखी लिपीत काहीतरी गोल-गोल, चौकोनी-चौकोनी लिहिले होते आणि खाली मराठीत, 'लँटर्न कॅफे'. पत्ता विचारायला म्हणून तो आत शिरला.

पहिल्या नजरेतले प्रेम नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच शक्य असते. मे महिन्यात पहिल्या नजरेत फक्त दुपट्टा दिसतो. प्रज्वलच्या डोक्यातोंडाला दुपट्टा असा गुंडाळलेला होता, की तो पत्ता विचारायला आला आहे की दरोडा घालायला, हे सांगणे अवघड होते. समोर एक मुलगी कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होती. असल्या प्रेमकथांत या ठिकाणी पाऊस येतो. इथे कूलरची मोटर अडकली होती. मुलीने तिला एक थाप मारली, मोटर खाकरली आणि वाळ्याच्या वासाचे थंडगार तुषार प्रज्वलच्या डोळ्यांवर येऊन बसले.

“दार लावा ना,” मुलगी म्हणाली. “गार हवा चालली बाहेर.”

त्याने दार लावले. मग दुपट्टा सोडायला तो वाकला, आणि शर्टाच्या खिशातून एक कांदा पडून घरंगळत थेट तिच्या पायाशी गेला.

तिने तो उचलला. एकदा कांद्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे.

“तुमचा कांदा.”

“हो… ते… उन्हाची लू लागू नये म्हणून. आईनं देल्ला.”

“एकच?”

“एकानंच भागते.”

“तुमचं भागत असेल. मला भजी करायची तर एकाने काय होणार?” चेहरा अगदी गंभीर. “उद्या चार आणा.”

नगरसेवकाचा फ्लेक्स त्या दिवशी तासभर उशिरा लागला. दुसऱ्या दिवशी प्रज्वल चार कांदे घेऊन हजर होता.

मुलीचे नाव भैरवी हरकरे. आई यमुताई त्या भागात शास्त्रीय गाण्याच्या शिक्षिका म्हणून नावाजलेल्या. त्यांनी मुलीचे नाव रागावरून ठेवले आणि मुलगी कोरियन पॉपच्या नादी लागली. ज्या गॅरेजमध्ये तीस वर्षे यमुताईंचा क्लास चालला, त्याच गॅरेजच्या भिंतीवर आता 'नाइन लँटर्न्स' नावाच्या गटाची चित्रे होती. नाव नाइन, पोरं सहा. त्यातला पांढऱ्या केसांचा, मधाच्या आवाजाचा, तो सोरिम. भैरवीचा सगळा जीव त्याच्यात.

कॅफे शांत होता. शांत म्हणजे, तिथे कोणी येत नसे. रुचिका आणि गार्गी या कॉलेजच्या दोन मैत्रिणी रोज यायच्या आणि एक कोल्ड कॉफी दोन स्ट्रॉ घालून तीन तास प्यायच्या. सोरिमच्या नागपूरकर चाहत्यांचा एक संघ होता, त्यात अकरा जण होते. पण त्यातले सात नोकरीसाठी पुण्याला गेले होते.

यमुताईंनी मुलीला एकच अट घातली होती. “सोळा खुर्च्या मांडल्यास ना? मे संपायच्या आत एक दिवस त्या सोळाही भरलेल्या मला दाखव. नाही दाखवल्यास, तर एक जूनला माझे तानपुरे परत इथे येतील.”

हे भैरवीने प्रज्वलला चौथ्या भेटीत सांगितले. कॅफे गेला तर ती पुण्याला मावशीकडे जाणार होती, नोकरीला. नागपुरातून पुण्याला गेलेला माणूस परत येतो तो फक्त दिवाळीला आणि तेही तिकीट मिळाले तर, हे प्रज्वलला पक्के ठाऊक होते. त्या क्षणापासून सोळा खुर्च्या हा त्याच्या आयुष्याचा प्रश्न झाला. तो रोज येऊन त्यातल्या एका खुर्चीवर बसू लागला. एका माणसाच्या हातून यापेक्षा जास्त होत नाही.

“काय म्हणून राहिला हा?” गाणे लागले की तो विचारायचा.

“तो म्हणतो, तुझ्या खिडकीखाली मी सात हिवाळे उभा आहे.”

“सात?” प्रज्वलने विचार केला. “आमच्या इकडे अर्धा उन्हाळा उभा राहिला तर माणूस ॲडमिट होते.”

“म्हणजे तुम्ही कोणासाठी उभे राहणार नाही?”

“राहीन ना. सावली पाहून.”

ती हसली की कूलरकडे तोंड वळवून हसायची. केस उडायचे… प्रज्वलचे पुढचे वाक्यही त्यांच्याबरोबर उडून जायचे. 'अहो निखारे'चे 'ए निखारे' झाले आणि 'ए निखारे'चे 'प्रज्वल'. घरी कांदे संपत चालले होते. आई विचारत होती, “एवढी लू कुठं लागून राहिली रे तुले?”

असे करत पंचवीस तारीख उजाडली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला; खुर्च्या रिकाम्याच होत्या.

सव्वीस तारखेला सकाळी साडेनऊ वाजता, कोणालाही सुगावा न लागू देता, सोरिमने स्वतःचे पहिले एकट्याचे गाणे जगापुढे आणले. जगभरातले चाहते आनंदाने रडले. भैरवीही रडली. प्रज्वल दुपारी आला तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“काहून? काय झालं?”

“सोरिम…” तिने नाक पुसले. “सकाळपासून रडून राहिली मी. आवरतच नाही.”

प्रज्वलने कांदे टेबलावर ठेवले. “कसं काय पण… अचानक?”

“एकदम अचानक! कोणाला कल्पना नव्हती. साडेनऊला बातमी आली.”

“बाकीचे पाच?”

“ते पण रडले म्हणे. आता तो एकटाच पुढे जाणार ना… पण कधीतरी जावंच लागतं.” ती डोळे मिटून म्हणाली, “आणि इतकं सुंदर रे. इतकं शांत.”

प्रज्वलने मान खाली घातली. “चांगल्या माणसाईलेच असं शांत जमते,” तो म्हणाला. भैरवीला वाटले, याला कळायला लागले. तिने पहिल्यांदाच त्याच्या हातावर हात ठेवला. त्या बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपल्याला आनंद होतो आहे आणि तो एका मयतावर होतो आहे, ही गोष्ट त्याला बरी वाटेना.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'परवा, अठ्ठावीसला, कॅफेत सोरिमचा कार्यक्रम आहे. एक फ्लेक्स करशील? काळा-पांढरा फोटो पाठवते, डोळे मिटलेला. पांढरी लिलीची फुलं. दोन तारखा टाक : २८ मे १९९९ आणि २६ मे २०२५. ओळ : तू कायम आमच्या हृदयात राहशील.'

पहिली तारीख जन्माची आणि दुसरी एकट्याने गायला लागल्याची. पांढरा हा त्याच्या चाहत्यांचा रंग. डोळे मिटलेला फोटो नव्या गाण्याचा. हे जगभरच्या चाहत्यांना पाठ असते, म्हणून तिने ते लिहिले नाही. प्रज्वलनेही काही विचारले नाही. दुःखाच्या माणसाला जास्त विचारू नये, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम होता. साचा निवडायला त्याला अर्धा सेकंद लागला.

वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल : समस्त लँटर्न मित्र परिवार, त्रिमूर्तीनगर' हे त्याने आपल्या मनाने घातले. प्रेमापोटी एकाऐवजी दोन फ्लेक्स काढले. अठ्ठावीस तारखेला भल्या पहाटे एक कॅफेच्या फाटकावर आणि एक कोपऱ्यावरच्या चौकात बांधून तो आंघोळीला घरी गेला. भैरवी घरातून आतल्या दाराने कॅफेत आली आणि फुगे फुगवत बसली. बाहेर काय लागले आहे, ते तिने पाहिले नाही.

वस्तीने मात्र पाहिले.

समोरचे केशवराव भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले होते आणि फक्त सातबारा वाचून माणसाच्या तीन पिढ्या सांगत असत. फ्लेक्ससमोर ते पाच मिनिटे उभे राहिले. “चेहरा ईशान्येकडचा आहे,” ते म्हणाले. “केस बारीक नाहीत, पण सुट्टीवर असेल. कामठीच्या छावणीतला दिसतो.” दहा वाजेपर्यंत तो लेफ्टनंट झाला होता. साडेदहापर्यंत त्याचे भैरवीशी ठरलेले होते. अकराला लोक निघाले.

सगळ्यांत आधी आल्या शेजारच्या सिंधूताई, फिकट पातळ नेसून. हातात पिठलं-भाताचा डबा. ज्या घरात मयत होते, त्या घरी चूल पेटत नाही; पहिला कडू घास शेजाऱ्याने न्यायचा असतो. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि भैरवीचे डोके छातीशी धरले.

तीन महिन्यांत शेजारचे कोणी पहिल्यांदाच कॅफेत पाऊल टाकत होते. भैरवीला भरून आले.

“बसा ना काकू! कोल्ड कॉफी देऊ?”

“नको वं माय. अशा वेळी कुठं कॉफी…” सिंधूताईंनी पदर डोळ्यांना लावला. “कितीचा होता?”

“आज सव्वीस पूर्ण झाले,” भैरवी अभिमानाने म्हणाली.

“अरे देवा! सव्वीस म्हणजे का वय आहे!”

“लहानच आहे. पण केवढं नाव कमावलं!”

“लग्नाचं ठरलं होतं का गं तुमचं?”

“काकू!” भैरवी लाजली. “माझ्या स्वप्नातच फक्त.”

सिंधूताई हुंदका देऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. मागोमाग केशवराव आले, त्यांच्या मागे भिशीच्या सहा जणी, योगवर्गाचे चौघे आणि वस्तीतले आणखी काही जण. येणारा प्रत्येक जण भैरवीसमोर हात जोडायचा, मान हलवायचा आणि मुकाट बसायचा. कोपऱ्यात रुचिका आणि गार्गी केकवर मेणबत्त्या लावत होत्या. त्या पाहून भिशीतल्या एकीने हळूच विचारले, “ख्रिश्चन होता का?”

एवढे चाहते त्रिमूर्तीनगरात लपून होते, हे भैरवीला कधी कळलेच नव्हते. मात्र एवढे दुःखी चाहते कसे, हे तिला उमगेना.

तेवढ्यात काचेचे दार उघडले. प्रज्वल आला. पांढरा सदरा, हातात निशिगंधाचा भलामोठा हार. तो थेट मधल्या टेबलावरच्या सोरिमच्या फोटोपाशी गेला, फोटोला हार घातला आणि डोळे मिटून उभा राहिला. सगळा कॅफे उठून उभा राहिला. दोन मिनिटे फक्त कूलर बोलत होता. मग सगळे परत बसले.

भैरवी फोटोच्या हाराकडे पाहत राहिली. मग पळत बाहेर गेली. मग पळत आत आली. तिने प्रज्वलला बाहीला धरून फ्रिजच्या आडोशाला ओढले.

“हे काय करून ठेवलंस तू?”

“काय?”

“तो जिवंत आहे!”

प्रज्वलच्या तोंडचा रंग फोटोइतका काळा-पांढरा झाला. “पण… तूच तर म्हणाली… अचानक… एकटाच पुढे…”

“गाणं! गाणं आलं अचानक! आज वाढदिवस आहे त्याचा!”

“मंग दोन तारखा काहून देल्ल्या वं?”

याला तिच्याकडे उत्तर होते, पण ते द्यायला वेळ मिळाला नाही. आतल्या दारात यमुताई उभ्या होत्या. त्या खुर्च्या मोजत होत्या, ओठ न हलवता, मात्रा मोजाव्यात तशा. चौदा… पंधरा… सोळा. सोळाही भरल्या होत्या आणि तिघे उभे होते.

“काही बोलू नकोस,” भैरवी कुजबुजली. “पाच मिनिटं. आई आत जाईपर्यंत.”

“कोण गेलं?” यमुताईंनी विचारले. “मी घरात आहे आणि मला कसं माहीत नाही?”

सगळ्या माना भैरवीकडे वळल्या. सिंधूताईंचा हुंदका अर्ध्यावर थांबला. भैरवी गप्प राहिली तर कॅफे राहणार होता. कॅफे राहिला तर ती राहणार होती. प्रज्वललाही एवढेच हवे होते; फक्त उभे राहायचे होते, आणि तेवढे त्याला जमत होते.

पण सिंधूताईंचे डोळे खरेच सुजले होते. प्रज्वल एका स्टुलावर चढला.

“कोणी गेलं नाही जी,” तो म्हणाला. “हा कोरियातला गाणारा पोरगा आहे. आज वाढदिवस आहे त्याचा. साचा मी चुकीचा लावला. भैरवीची काही चूक नाही. सॉरी… सगळ्याईले सॉरी.”

आणि उतरायचे कसे हे न सुचल्यामुळे तो तिथेच उभा राहिला.

भिशीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. केशवरावांनी चष्मा पुसला.

“म्हणजे पोरगा ठणठणीत आहे?”

“हो जी.”

“छावणीत नाही?”

“नाही जी.”

केशवरावांनी बाहेर पाहिले. डांबरावरून वाफा निघत होत्या. त्यांनी कूलरकडे पाहिले. मग केककडे.

“मग तो केक,” ते म्हणाले, “कापायचाच आहे ना?”

कोणी उठले नाही. आलेला माणूस भर नवतप्यात, बारा वाजता, कूलरसमोरून उठून घरी जाईल, असे नागपुरात कोणत्याही दुःखाने किंवा आनंदाने होत नाही. केक कापला. सिंधूताईंनी डबाही उघडला. “आणलं आहे तर वापस काय न्यायचं,” त्या म्हणाल्या, “जिता आहे ते बरंच झालं. शंभर वर्ष जगो माय,” आणि केकच्या बशीत एकेक चमचा पिठलं वाढत फिरल्या. रुचिकाने नवे गाणे लावले. योगवर्गाचे चौघे मान डोलवू लागले. भिशीतल्या एकीने विचारले, “लग्न झालं का याचं?” आणि नाही म्हटल्यावर तिचा चेहरा विचारी झाला.

यमुताईंनी गाणे शेवटपर्यंत उभ्याने ऐकले.

“कोमल निषादावर चांगला जातो पोरगा,” त्या म्हणाल्या, “पण थांबत नाही. घाईत आहे. रियाज पाहिजे.” मग मुलीकडे वळल्या. “खुर्च्या भरल्या म्हटलं होतं. कशाने भरल्या, ते मी म्हटलं नव्हतं.” आत जाता जाता स्टुलापाशी थांबल्या. “आणि हा? हा कोण?”

“फ्लेक्सवाला,” भैरवी म्हणाली. मग एक श्वास घेऊन, “प्रज्वल.”

“खरं बोलतो वाटतं,” यमुताई म्हणाल्या. “खाली उतरव त्याला.”

चार वाजता चौकातला फ्लेक्स काढून दोघे फाटकावरचा सोडायला गेले. लोखंड तापलेले होते. एका टोकाची सुतळी तो सोडत होता, दुसऱ्या टोकाची ती.

“माझ्यावर राग आहे का वं?”

“आहे ना.” तिची गाठ सुटत नव्हती. “पण आता फ्लेक्सचं काम संपलं. कांदेही पुरे झाले. उद्या काय सांगून येशील?”

“काही नाही सांगणार. तसाच येईन.”

“तसाच म्हणजे?”

प्रज्वलने सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

“दोन दिवस मी एका मेलेल्या माणसाच्या मागं उभा होतो, भैरवी. मले माहीत होतं, आपला नंबर नाही लागत. मेलेल्याले कोणी हरवू नाही शकत. तो कधी चुकत नाही, कधी म्हातारा होत नाही.” त्याने श्वास घेतला. “आज कळलं, तो जिता आहे. तेव्हापासून मले थोडी आशा वाटून राहिली.”

“त्याच्यात एकही दोष नाहीये पण.”

“एक आहे.”

“कोणता?”

“तो कोरियात राहते. मी इथं आहे.”

सोरिमचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा दोघांच्या मधोमध लोंबत होता. भैरवीने आपली गाठ ओढून सोडवली. फ्लेक्स अर्धा खाली आला, आणि मधे कोणी उरले नाही.

“सात हिवाळे उभा राहशील?” तिने विचारले.

“हिवाळे म्हणशील तितके. उन्हाळ्यात आत घेशील का तेवढं सांग.”

ती हसली. या वेळी तोंड फिरवायला कूलर नव्हता. “घेईन,” ती म्हणाली, आणि तापल्या फाटकावरचा त्याचा हात धरला… चटका बसत होता, तरी दोघांनीही हात काढला नाही.

“अहो फ्लेक्सवाले!”

केशवराव रस्ता ओलांडून येत होते. डोक्याला ओला पंचा, मिशीला केक. त्यांनी दोघांच्या हातांकडे पाहिले आणि ते काही आपल्या खात्याचे नाही, असे ठरवून अर्ध्या लोंबत्या फ्लेक्सकडे बोट केले.

“गर्दी चांगली खेचली गा यानं. माझाही एक करून ठेव. दुसरी तारीख रिकामी सोड, घाई नाही.” ते जायला वळले, थांबले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पोट थोडं आत घेता येते का पाहा.”